पायाळूची पाठ

ज्या बाईची पिशवी काढलेली आहे, आणि पिशवीबरोबर आणखी काय काय काढलं हे जिला धड माहीत नाही, तिच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. मी डॉक्टर नाही. मालवणच्या एका हायस्कुलात ऑफिसात काम करते. माझा बाप रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला जायचा, आई डोक्यावर पाटी घेऊन म्हावरं विकायची. दोघांनी मला त्या पाटीला हात लावू दिला नाही, म्हणून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते, त्याला इलाज नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आले. आमच्याकडे कुणाच्या पाठीत चमक भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. लहानपणापासून लोक आमच्या पडवीत पालथे झोपायचे आणि मी त्यांच्या पाठीला पाय लावायचे. आईने एक नियम घालून दिला होता, पाय नुसता टेकवायचा, दाबायचा नाही. लग्न होऊन देवबागला आले तरी हे काम सुटलं नाही. माझा त्याच्यावर विश्वास होता का? अर्धा. पण माणूस उठून बरं वाटलं म्हणून जायचा, मग आपण कशाला वाद घालायचा.

गादी

आमच्या घराच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. माझा नवरा विनायक त्यांना होडीतून खाडीत फिरवून आणतो. पावसाळ्यात गाद्यांना कुबट वास येतो, म्हणून दिवाळीच्या आधी आम्ही त्या बाहेर काढून उन्हात टाकतो. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. एक गादी मी उंबऱ्यावरून ओढली आणि कोपरा धरून उचलली.

आवाज मला ऐकू आला की नुसता जाणवला, ते आजही सांगता येत नाही. वाळका काथ्या तुटावा तसं काहीतरी झालं. कमरेच्या जरा वर. मी गादीवरच बसले आणि मग उठता येईना.

विनायक खाडीवरून धावत आला. "एकटी कित्याक उचललंस? माका हाक मारूक काय झालेला?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना आम्ही आये म्हणतो. त्या हसल्या. "पायाळवाच्याच पाठीत चमक! आता हिका पाय लावूक कोणाक आणूचा?"

मीही हसले. हसताना इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं.

बाबलकाका

दोन-चार दिवस बाम चोळून झाला, शेकून झालं. मग विनायक तोंडवलीहून बाबलकाकांना घेऊन आला. ते पायाळू आणि नात्यातले. अंगाने धिप्पाड, उभा जन्म दर्यावर गेलेला. मी पडवीत पालथी झोपले. लाज वाटत होती. इतकी वर्षं मी वरून बघितलेली जागा पहिल्यांदा खालून बघत होते.

"भियां नको," काका म्हणाले. "म्हावऱ्याचा हाड ता तुझा. घट आसा."

हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. पेडव्यांसारखी बारीक मासळी काट्यासकट खाणाऱ्याचं हाड मोडत नाही. मीही तेच मानून होते. काकांनी आधी पाय टेकवला. मग बरं वाटावं म्हणून जरा भार दिला. मी ओरडले तशी त्यांनी पाय काढला. विनायकने मला उठवून बसवलं, आणि माझ्या तोंडाकडे बघून तो रिक्षा आणायला गेला.

कुडाळ

एक्स-रे कुडाळला काढला. डॉक्टर बाई होत्या, मूळच्या सांगलीकडच्या, वयाने माझ्यापेक्षा लहान. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि एका मणक्यावर बोट ठेवलं. बाकीचे मणके चौकोनी डब्यांसारखे होते. हा एक डबा पुढून चेपलेला.

"पडलात का?"

"नाही. गादी उचलली."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "पाळी कधी गेली?"

मी सांगितलं, पस्तिशीला पिशवी काढली. अंगावरून फार जायचं, गाठी होत्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, सगळंच काढून टाकू, पुढची कटकट नको. मी बरं म्हटलं. त्या दवाखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. कटकट नको हे तेव्हा मलाही हवं होतं.

"सगळंच म्हणजे बीजकोश पण?"

पदवीधर बाई, शाळेतल्या पोरांचे दाखले तपासते, आणि माझ्या पोटातून काय काय काढलं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे बायका पिशवी काढली एवढंच म्हणतात. पुढचं विचारायची पद्धतच नाही, जणू विचारलं तर चावटपणा होईल. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घेतली. दोन्ही बीजकोश नव्हते.

ऑपरेशननंतर एकदम अंगातून वाफा यायच्या, ब्लाउज भिजायचा, ते मला आठवलं. मी उकाडा समजले होते. मे महिन्यात मालवणात कोण घामाने भिजत नाही?

विनायकने विचारलं, "मॅडम, पाठीला पाय लावून घेतला होता. त्यामुळे झालं का हे?" विनायक शुद्ध बोलायला लागला की समजावं, तो घाबरलेला आहे.

"सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गादी उचलताना मोडलं असेल, नंतर आणखी दबलं असेल. फोटोवरून एवढं कळत नाही. पण पुन्हा कुणाला पाय लावू देऊ नका."

मग माझ्याकडे वळून त्यांनी जे सांगितलं, ते वाक्य घेऊन मी त्यानंतरचे सगळे दिवस काढले. "एक मणका मोडला की दुसरा मोडायची भीती वाढते. आपलं काम एकच. दुसरा मोडू द्यायचा नाही."

खाणाऱ्या आणि भरणाऱ्या

मी म्हटलं, मला नीट समजावून सांगा, मी शिकलेली आहे. त्यांनी सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहिते.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असतं. त्यात काही पेशी जुनं हाड विरघळवून खात असतात आणि दुसऱ्या काही पेशी त्या खड्ड्यात नवं हाड भरत असतात. जन्मभर हे चालतं आणि दोन्ही लागतात. खाल्लं नाही तर जुनं हाड तसंच कुजकं राहील. पण खाणाऱ्यांवर कुणाचा तरी वचक पाहिजे. बाईच्या शरीरात तो वचक इस्ट्रोजेन या हार्मोनचा. ते खाणाऱ्या पेशी जास्त तयार होऊ देत नाही आणि काम झालं की त्यांना वेळेवर मरू देतं. ते तयार होतं मुख्यतः बीजकोशात. बीजकोश गेले की खाणाऱ्या पेशी वाढतात, जास्त दिवस जगतात, जास्त खोल खणतात. भरणाऱ्या भरत असतात, पण त्यांना गाठता येत नाही. मणक्याच्या आतलं हाड जाळीसारखं असतं, म्हणून तिथली नासाडी आधी दिसते.

"म्हणजे आमचा किनारा," मी म्हटलं.

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी. पावसात समुद्र वाळू खातो, आणि दिवाळीपर्यंत परत आणून टाकतो. एखाद्या वर्षी नेलेली वाळू परत येत नाही. मग माडाची मुळं उघडी पडतात, आणि एक दिवस माड वारा नसताना पडतो.

"तसंच," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे बरीच वर्षं वाळू परत आलेली नाही."

"पण आम्ही रोज मासे खातो."

"खा की. पण नुसती वाळू आणून ओतून काय होणार? खाणाऱ्याला आवरायला हवं."

इतक्या कमी वयात बीजकोश काढल्यावर नेहमीच्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत पुष्कळ जणींना इस्ट्रोजेन गोळ्यांनी देता येतं, हेही त्या बोलल्या. सगळ्यांना चालत नाही, पण विचार तरी करतात. मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि आता ते वय उलटून गेलं होतं. कुडाळहून परत येताना मला मणक्यापेक्षा त्याचाच राग जास्त येत होता. तो राग अजून पुरता गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

आये

हाडांची घनता मोजायला गोव्याला जाऊन आलो. आकडा उण्यातला आला, बराच, म्हणजे हाडं फार विरळ झालेली. कमरेला पट्टा बसला. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, ओल्या लादीवर चालायचं नाही.

त्या दिवसांत मी घरात बसून आयेकडे बघत राहायचे. त्यांची पाठ कोयतीसारखी वाकलेली आहे. लग्नात त्या मला ताठ दिसल्या होत्या. पुढे त्या वाकल्या, तेव्हा आम्ही म्हटलं, वय झालं. भिंतीतल्या देवळीत दिवा लावायला त्यांचा हात पोचेना, तेव्हा दिवा खाली पाटावर आला. कुणी काही विचारलं नाही. त्यांच्या पाठीत किती मणके, कधी कधी चेपले असतील, आवाज झाला असेल का?

मी रोज सकाळी उठून त्या देवळीला हात लावून बघायला लागले. हात पोचतो की नाही. आयेने ते बघितलं.

"काय गो, मापतस काय स्वतःक?"

"नाय आये, जळमट काढतंय."

"रोज जळमट," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी देवळीपाशी गेले की त्या चुलीकडे तोंड करून बसायच्या.

मला शिंकेची भीती वाटायची. खोकल्याची वाटायची. शाळेत जाताना एसटीत मागची सीट मिळाली तर मी बस सोडून द्यायचे, कारण मागे खड्डा जास्त लागतो. कुणी खांद्यावर थाप मारेल म्हणून भिंतीला पाठ लावून उभी राहायचे. बाहेरून मी चांगली दिसत होते, हा त्यातला सगळ्यांत वाईट भाग. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. माझी शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "अगं, छान बारीक झालीस." मी बारीक झाले नव्हते. पट्टा होता तो.

विनायकचं वेगळंच. त्याने घरातलं सगळं जड काम अंगावर घेतलं. पाण्याची कळशी, गॅसची टाकी, गाद्या. पण माझ्याशी बोलणं कमी केलं. तोंडवलीला जाणं बंद केलं. बाबलकाका दोनदा बघायला येऊन गेले, तेव्हा हा होडीवर जाऊन बसला. शेवटी मीच म्हटलं, "काकांवर रागावलास की स्वतःवर?"

"मी आणलंय तेंका," तो म्हणाला. "हात धरून आणलंय."

"आणि मी झोपलंय. मोठी शिकलेली मी. माका नाय म्हणूक येय नव्हता?"

त्यावर तो हसला नाही, पण रात्रीच्या जेवणाला कुर्ल्या, म्हणजे खेकडे, घेऊन आला. मोडलेल्या हाडाला कुर्ल्यांचं सार, हा आमचा दुसरा नियम. डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, औषध म्हणून नको, जेवण म्हणून खा. मी खाल्लं. त्या आजारपणात तोंडाला आलेली ती पहिली चव.

सलाईन

खाणाऱ्या पेशींना आवरणारं औषध वर्षातून एकदा सलाईनमधून देतात. त्याआधी दात तपासून घ्यायला सांगितलं, कारण या औषधावर दात काढावा लागला तर कधीकधी जबड्याचं हाड नीट भरत नाही. माझी एक दाढ किडलेली निघाली. ती काढली. मग ती जागा भरेपर्यंत थांबायचं. ते थांबणं फार वाईट गेलं. वाटायचं, आत खाणाऱ्या पेशींचं जेवण चालूच आहे आणि मी दाढेसाठी थांबले आहे.

सलाईनच्या दिवशी भीती वेगळी. सुईची नाही. हे औषध हाडात जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं राहतं, ते मला आवडत नव्हतं. माझ्या पलंगाच्या पायथ्याशी विनायक स्टुलावर बसला होता. बाटलीतला थेंब पडला की तो मान हलवायचा. सिस्टरने त्याला विचारलं, "तुम्हाला पण लावू का?" तो म्हणाला, "लावा, हिला अर्धं पुरेल." बऱ्याच महिन्यांनी तो शुद्ध बोलताना घाबरलेला वाटला नाही.

घरी आल्यावर ताप आला, सगळी हाडं ठणकली. हे होतं, दोन-तीन दिवसांत जातं, असं आधीच सांगितलेलं होतं. तुम्हाला देणार असतील तर तुम्हालाही सांगून ठेवते. आयेने पेजेची वाटी आणून माझ्याजवळ ठेवली. वाकून ठेवावी लागली नाही, त्या वाकलेल्याच होत्या.

पुढे मालवणच्या फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने व्यायाम दिले. त्यातला एक, पडवीचा खांब धरून एका पायावर उभं राहायचं. तोल सुधारला की माणूस पडत नाही, आणि पडला नाही तर मोडत नाही. जमलं की खांब सोडायचा, असं ती म्हणाली. मी रोज उभी राहिले. खांब कधी सोडला नाही. हात उचलायचं मनात आलं की कुठूनतरी तो काथ्या तुटल्याचा आवाज यायचा.

दुसरा मणका

दुसरं सलाईन झाल्यावर एका सकाळी तोंड धुताना पाठीत कळ आली. तीच जागा, किंवा जरा वर. मी बेसिन धरून उभी राहिले. हाक मारावी की नाही तेच कळेना. हाक मारली तर खरं होईल असं वाटलं.

कुडाळच्या रस्त्यात विनायकने रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून इतक्यांदा सांगितलं की तो म्हणाला, "काका, आता उतरून ढकलू काय?" एक्स-रेच्या टेबलावर श्वास धरा म्हणाले, तो माझा घरापासूनच धरलेला होता.

डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी धरले. फार वेळ बघितलं. मी त्यांच्या भुवया बघत होते.

"जुना आहे तसा आहे. नवीन काही नाही. हा स्नायू आहे."

मी रडले. दोन वर्षांत रडले नव्हते, ते सगळं तिथे रडले. आनंद म्हणता येणार नाही त्याला. एवढंच, की आज नाही. माझी भीती त्या दिवशी संपली असं कुणाला सांगितलं तर ते खोटं होईल. ती घरी आली माझ्याबरोबर, फक्त जरा कमी बोलायला लागली.

रेश्मा

त्यानंतर थोड्याच दिवसांत आमची शेजारीण रेश्मा आली. चाळिशीच्या आतली, मासे सुकवायचा धंदा करते. आली ती थेट पडवीत चटई ओढून पालथी झोपली. ती आधीही यायची.

"पाय लाव गो वैनी. सकाळपासून सरळ होवक जमना नाय."

"नाय लावणार."

तिने मान वळवली. "कित्याक? शिकलंस म्हणान लाज वाटता काय आता?"

"उठ. बस आधी. तुझी पिशवी काढलेली मा?"

"तेचा काय आता? काढली कधीच."

"पिशवीबरोबर आणि काय काढल्यानी?"

"माका काय म्हायत? मी भुलीत होतंय. डॉक्टर म्हणालो, सगळा साफ करून टाकूया."

मी तिच्या पाठीकडे बघत होते, आणि मला तो चेपलेला डबा दिसत होता. तिला मी सगळं सांगितलं, खाणाऱ्या, भरणाऱ्या, वाळू. ती वैतागली. पाय लावायला आलेल्या बाईला कोण असं ऐकवतं? "पाय लावूचो नसात तर सांग सरळ," म्हणून ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, तिच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तिला कुडाळला घेऊन गेले. तिथे पोचेपर्यंत ती मला बोल लावत होती.

तिचेही बीजकोश गेलेले निघाले. पण मणके सगळे शाबूत. चौकोनी, एकाखाली एक. पाठीचं दुखणं माशांच्या टोपल्या उचलून आलेलं होतं. डॉक्टरांनी तिच्या बाकीच्या तपासण्या करून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू केल्या. फोटोत तरी हाड फार खाल्लेलं दिसत नाही, वेळेवर आलात, म्हणाल्या. रेश्मा बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली होती. देवबागचं वळण आलं तेव्हा म्हणाली, "आणि मी तुका शिकलेली म्हणान बोललंय."

"शिकलेलीच आसय मी."

"म्हायत आसा. सगळ्यांका सांगतस तू."

घरी आल्यावर ती पुन्हा पडवीत पालथी झोपली. "आता लाव पाय. आता तर डॉक्टरणीन सांगितल्यान, हाड बरा आसा म्हणान."

आये दारात बसून हसत होत्या. मी म्हटलं, दाबणार नाही. नुसता टेकवीन. आईने सांगितल्यासारखा.

मी चप्पल काढली आणि उजवा पाय उचलून तिच्या कमरेवर अलगद ठेवला. भार सगळा डाव्या पायावर. तिची पाठ गरम होती, श्वासाबरोबर वरखाली होत होती. मी तिच्याच मणक्यांचा विचार करत होते, पाय जड पडू नये म्हणून जपत होते.

"हात बघ तुझो," आये म्हणाल्या.

मी बघितलं. खांब माझ्यापासून हातभर लांब होता. मी एका पायावर उभी होते आणि दोन्ही हात मोकळे होते.

मग घाबरले, आणि पटकन खांब धरला.